पुण्याची दहावी, जर्सीची अकरावी आणि कमी पडलेले क्रेडिट

ताई, नमस्कार.

गेल्या ऑगस्टमध्ये ह्यांच्या कंपनीमुळे आम्ही पुण्याहून न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहायला आलो. मुलगा इंग्रजी माध्यमातून स्टेट बोर्डाची दहावी ८८ टक्क्यांनी पास झाला होता. इथल्या शाळेने त्याला अकरावीत बसवलं, आम्हीही निश्चिंत झालो. आता पुढच्या वर्षीचे विषय निवडायला बोलावलं तेव्हा समुपदेशक बाई म्हणाल्या, क्रेडिट फार कमी आहेत, बारावी झाली तरी डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, मिळेल असं सांगता येत नाही, आणखी एक वर्ष बसावं लागेल. हे म्हणतात, शाळेऐवजी जीईडी नावाची परीक्षा असते, ती देऊन मोकळा हो. पुण्याहून धाकटे दीर सांगतात, परत पाठवा, बारावी इथून काढून घेऊ. मुलगा शाळेतून आला की दार लावून घेतो. "मी कधीच नापास झालो नाही, मग मी मागे कसा?" एवढंच म्हणतो. काय करावं? आणि वर्ष वाढलंच तर कॉलेजला काय तोंड दाखवायचं?

— एक आई, न्यू जर्सी

ताई, नमस्कार.

तुमच्या मुलाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. तो नापास नाही आणि मागेही नाही. शाळेच्या संगणकात त्याच्या नावापुढे दोन वर्षं जवळजवळ कोरी आहेत, एवढंच झालंय. तुमच्या घरात जीईडीवर आणि पुण्याच्या तिकिटावर जी चर्चा चालली आहे, ती या कोऱ्या रकान्यांचा निकाल लागेपर्यंत बंद ठेवा.

आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की नववीत काय दिवे लावले हे कुणी विचारत नाही. बोर्डाचा एक कागद, त्यावर टक्केवारी, विषय संपला. इथे बोर्डाची एकच एक मोठी परीक्षा नसते. नववी ते बारावी अशी चार वर्षं मुलगा जे जे विषय पास होतो त्याचे क्रेडिट साठत जातात आणि शेवटी बेरीज होते. न्यू जर्सीत ती बेरीज किमान १२० व्हावी लागते. वर्षभर रोज तास असलेल्या विषयाला साधारण ५ क्रेडिट. त्यातही काय खायचं ते ताटात वाढूनच दिलेलं असतं: इंग्रजी २०, गणित १५, विज्ञान १५, सामाजिक शास्त्रं १५, परकी भाषा ५, कला ५, व्यवसायाशी निगडित एखादा विषय ५, पैशाच्या व्यवहाराचा अर्ध्या वर्षाचा अडीच क्रेडिटचा विषय, आणि आरोग्य-व्यायामाचे दर वर्षाला पावणेचार. उरलेले आवडीचे. हे राज्याचं किमान झालं, तुमच्या डिस्ट्रिक्टला, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाला, आणखी मागायचा अधिकार आहे. तेव्हा आधी शाळेचं 'प्रोग्रॅम ऑफ स्टडीज', म्हणजे विषय आणि अटींचं पुस्तक, उघडून तुमच्याकडचा आकडा बघा.

आता तुमच्या मुलाची नववी आणि दहावी या हिशेबात कुठे आहेत? माझा अंदाज आहे की नववी कुठेच नाही आणि दहावी अर्धीमुर्धी आहे. तुम्ही प्रवेशाच्या वेळी बोर्डाची गुणपत्रिका दिली असणार. ती पाहून त्या बाईंना काय कळणार? इंग्रजी इतके, गणित इतके, विज्ञान इतके. आठवड्याला किती तास, प्रयोगशाळा होती का, गणित म्हणजे नेमकं कुठलं गणित, यातलं काहीही त्या कागदावर नाही. आणि नववीचं प्रगतिपुस्तक पुण्याच्या माळ्यावर असेल. समोर कागद नसताना कुठली शाळा क्रेडिट देईल? त्या बाईंचा राग धरू नका.

म्हणून दिरांना तिकिटाच्या मागे न लावता या कामाला लावा. मुलाच्या पुण्याच्या शाळेत जाऊन त्यांनी मुख्याध्यापकांकडून शाळेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी एक पत्र घ्यायचं, इंग्रजीत. नववी आणि दहावी, दोन्ही वर्षांचं. प्रत्येक विषय, आठवड्याच्या तासिका किती, तासिका किती मिनिटांची, वर्षात शाळा किती आठवडे, आणि मिळालेले गुण. सोबत नववीच्या निकालाची साक्षांकित प्रत. नुसता बोनाफाइड आणला तर तो इथे काही कामाचा नाही. जमलं तर शाळेनेच ते पाकीटबंद करून किंवा शाळेच्या ईमेलवरून थेट इथल्या समुपदेशकांना पाठवावं. पालकांच्या हातून आलेल्या कागदावर काही शाळा शंका घेतात.

पत्रात काही गोष्टी मुद्दाम फोड करून लिहून घ्या, कारण खरा फायदा तिथेच आहे. आपल्या बोर्डात गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती. न्यू जर्सीला गणितात हवेत बीजगणित १, भूमिती आणि त्यावर आधारलेलं तिसरं एक वर्ष. म्हणजे पहिली दोन तुमच्या मुलाने पुण्यातच केलीत, फक्त 'गणित' असं एका ओळीत लिहिल्यामुळे ती एक दिसतात. विज्ञानाचंही तसंच: भाग १ मध्ये भौतिक आणि रसायन, भाग २ मध्ये जीवशास्त्र, शिवाय प्रात्यक्षिकं. इथे प्रयोगशाळेसह जीवशास्त्र मागतात, तेव्हा प्रात्यक्षिकांचा उल्लेख हवाच. इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल वेगळे दाखवले तर जागतिक इतिहासाचे ५ क्रेडिट मागायला जागा होते. माझ्या अनुभवात इथे शाळा थोडी ओढाताण करतात. मागून पाहा, नाही मिळाले तर फार ताणू नका. आणि ते श्रेणीचे विषय, ज्यांच्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि स्व-विकास व कलारसास्वाद, ते चक्क इथल्या दोन अटींच्या उत्तरासारखे आहेत. लिहून घ्या.

मराठी आणि हिंदी तर आहेतच. परक्या भाषेच्या ५ क्रेडिटसाठी स्पॅनिशच शिकली पाहिजे असा काही नियम नाही. एरवीही शाळा भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा घेऊन ती अट पूर्ण झाली असं मानू शकते, आणि अशा परीक्षांत मराठीही आहे. तिच्यात चांगले गुण पडले आणि इंग्रजीचीही अट पुरी झाली, तर डिप्लोमावर द्विभाषिकतेची राज्याची मोहोर मिळू शकते. रविवारी मराठी शाळेला मुलांना ओढत नेणाऱ्या आयांनी हे वाक्य फ्रिजवर लावायला हरकत नाही.

एक सावधगिरी. शाळा बाहेरचे विषय नोंदवते तेव्हा कधी गुण जसेच्या तसे उतरवते. आपल्याकडे ७२ म्हणजे चांगले, इथे ७२ म्हणजे 'सी'. मुलाची सरासरी विनाकारण घसरते. म्हणून विचारा, पुण्याचे विषय श्रेणीशिवाय, नुसते 'पास' म्हणून धरता येतील का? बऱ्याच शाळा तसंच करतात, पण आपण विचारलेलं बरं. आणि शाळेला स्वतःला मूल्यमापन जमत नसेल तर ती परदेशी गुणपत्रिका तपासणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्थेचा अहवाल मागेल. त्याला पैसे पडतात, म्हणून शाळेने मागितल्याशिवाय करू नका.

आता ढोबळ बेरीज करू. नववी आणि दहावीचे मिळून समजा ६० क्रेडिट मान्य झाले. अकरावीत सात विषय म्हणजे ३५, बारावीत तेवढेच. झाले १३०. एकूण आकड्याचा प्रश्न संपला. उरतात ते पुण्यात शिकवलेच जात नाहीत असे विषय. त्यात सगळ्यात मोठा आहे अमेरिकेचा इतिहास, दोन वर्षांचा, १० क्रेडिट. यातून कुणालाच सुटका नाही. या वर्षी त्याला त्याचा पहिला भाग मिळाला असेल तर पुढच्या वर्षी दुसरा. मिळाला नसेल, तर दोन्ही बारावीत एकदम किंवा एक उन्हाळ्यात. मग अडीच क्रेडिटचा तो पैशाचा विषय, अर्ध्या वर्षाचा, आणि व्यवसायाचा एक. व्यायामाची अट ज्या ज्या वर्षी मुलाचं नाव शाळेत आहे त्या वर्षांची असते, तेव्हा मागच्या दोन वर्षांचा व्यायाम आता करावा लागेल असं कुणी म्हणालं तर नियम दाखवा म्हणावं.

आणि इथे न्यू जर्सीची एक सोय आहे जी शाळा आपणहून फारशी सांगत नाहीत. तिला सगळे 'ऑप्शन टू' म्हणतात. वर्गात बसून तास भरण्याऐवजी उन्हाळी शाळा, मान्यताप्राप्त ऑनलाइन कोर्स, कम्युनिटी कॉलेजचा (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचा) विषय, कुठे काम करून शिकणं, अशा मार्गानेही क्रेडिट मिळू शकतात. अट एकच: कोर्स सुरू करण्याआधी शाळेची लेखी मंजुरी. आधी कोर्स केला, पैसे भरले आणि मग कागद घेऊन शाळेत गेलं की हात हलवत परत यावं लागतं. तुमच्या घराजवळ मिडलसेक्स हे कम्युनिटी कॉलेज आहेच. तिथला एका सत्राचा विषय बहुतेक शाळा वर्षाच्या विषयाबरोबर धरतात. किती क्रेडिट धरणार हेही मंजुरीच्या कागदावर लिहून घ्या.

डिप्लोमासाठी क्रेडिटशिवाय राज्याची एक परीक्षाही आहे, एनजेजीपीए. अकरावीच्या वसंतात होते, इंग्रजी आणि गणित, उत्तीर्ण व्हायला प्रत्येकी ७२५ लागतात. स्केल ६५० पासून सुरू होतो, त्यामुळे आकडा दिसतो तेवढा भयंकर नाही. तुमच्या मुलाला गणितात काही अडणार नाही. इंग्रजीत अडलाच तर सॅट, एसीटी, अॅक्युप्लेसर अशा कॉलेजसाठीच्या परीक्षांचे ठरावीक गुण चालतात, आणि तेही जमलं नाही तर शाळा त्याच्या कामाचा संग्रह राज्याकडे पाठवते. या एका परीक्षेपायी डिप्लोमा अडकवून ठेवायची इथे कुणालाच हौस नाही. (दुसऱ्या राज्यांतल्या वाचकांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. प्रत्येक राज्याचं तंत्र निराळं. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२४ मध्ये त्यांच्या एमसीएएस या राज्यपरीक्षेची डिप्लोमासाठीची सक्तीच काढून टाकली. टेक्ससमध्ये डिप्लोमाला २२ किंवा २६ क्रेडिट लागतात, ते ऐकून तिथे सोपं आहे असं समजू नये, तिथे वर्षाच्या विषयाला एकच क्रेडिट असतो.)

आता जीईडी. तुमच्या मिस्टरांनी सुचवलेली वाट खोटी नाही. दुसऱ्या महायुद्धात शिक्षण अर्धवट टाकून सैन्यात गेलेल्यांसाठी १९४२ मध्ये ही परीक्षा सुरू झाली. गणित, भाषा, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं, चार पेपर, प्रत्येकात २०० पैकी १४५. न्यू जर्सीत ती पास झालं, किंवा हायसेट नावाची तिची बहीण पास झालं, की राज्याचा डिप्लोमा मिळतो. कम्युनिटी कॉलेजं तो घेतात. नोकरीलाही चालतो. विशीत घर चालवायला लागलेला मुलगा, लहान बाळ असलेली मुलगी, चाळिशीत पुन्हा शिकायला निघालेली बाई, यांच्यासाठी ही परीक्षा म्हणजे खरोखर दार उघडणं आहे. मी अशा माणसांना ती आवर्जून द्यायला सांगते.

पण तुमच्या मुलाने का द्यावी? सतराव्या वर्षी जीईडीला बसायचं तर आधी शाळेतून नाव काढावं लागतं, त्याचा दाखला आणि तुमची संमती लागते. म्हणजे एक-दोन विषय कमी पडताहेत म्हणून फुकटची शाळा, शिक्षक, शिफारसपत्रं, प्रयोगशाळा, जेवणाच्या सुट्टीत कसेबसे जमलेले दोन मित्र, सगळं सोडायचं. पेपर पास होईल तो, दोन महिन्यांत होईल. पण मग कॉलेजच्या अर्जावर चार वर्षांच्या जागी एक परीक्षा दिसेल आणि ज्या कॉलेजांना निवड करायची असते ती विचारतीलच. शिवाय पुढे कधी भारतात शिकायला यायचं झालं तर इथलं शिक्षण तिथल्या बारावीइतकं आहे असं समकक्षतेचं प्रमाणपत्र लागतं. नियमित शाळेच्या बारावीच्या डिप्लोमाला ते मिळायची वाट रुळलेली आहे. जीईडीच्या बाबतीत ते गृहीत धरून बसू नका. माझं स्पष्ट मत, शाळा अजून दार उघडं ठेवून उभी आहे तोवर जीईडी नको. आणि ते दार लवकर बंद होत नाही, न्यू जर्सीत वीस वर्षांचा होईपर्यंत मुलाला सरकारी शाळेत फुकट शिकता येतं.

इंटरनेटवर 'घरबसल्या डिप्लोमा, तीस दिवसांत' अशा जाहिराती तुम्हाला आता दिसायला लागल्या असतील, कारण तुम्ही शोधलं असेल. त्यांना एक डॉलरही देऊ नका. खऱ्या ऑनलाइन शाळाही असतात, त्यांना मिडल स्टेट्स किंवा कॉग्निया अशा संस्थांची मान्यता असते. त्या संस्थांच्या साइटवर जाऊन शाळेचं नाव स्वतः शोधायचं, शाळेच्या साइटवरच्या शिक्क्यावर विश्वास ठेवायचा नाही.

दिरांच्या सूचनेबद्दल. प्रेमापोटी म्हणताहेत, पण हिशेब करा. पुण्याला परत गेला तर त्याची अकरावी तिथे झालेली नाही. नियमित कॉलेजात पुन्हा अकरावीपासून म्हणजे इथे वाढणाऱ्या एका वर्षाला घाबरून तिथे नक्की वर्ष घालवणं. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेच्या बोर्डातून पाच विषय घेऊन बारावी करता येते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन परीक्षा असतात आणि तो बोर्ड पूर्ण मान्यतेचा आहे. पण काकांच्या घरी एकट्याने अभ्यास, आई-बाप सात समुद्रापलीकडे, आणि त्यानंतर प्रवेशपरीक्षांची शर्यत, ज्यात बाकीची मुलं दोन वर्षं क्लासला घासून बसलेली. त्याला स्वतःला भारतातच इंजिनिअरिंग करायचं असेल तर गोष्ट वेगळी. ते त्याला विचारलंय का कुणी? तुमच्या पत्रात हे काय म्हणतात, दीर काय म्हणतात, बाई काय म्हणतात, सगळं आलं. त्याचं एकच वाक्य आलं, आणि तेही प्रश्न होता.

म्हणून पुढच्या भेटीला त्याला बरोबर घेऊन जा. मागच्या खुर्चीत नको, समुपदेशकांच्या समोर बसवा. 'ग्रॅज्युएशन ऑडिट' द्या म्हणावं, म्हणजे कुठल्या अटीत किती झाले आणि किती उरले याचा तक्ता. तो छापून हातात येऊ दे. त्यावर त्यानेच पेन्सिलने भरायचं, हे बारावीत, हे उन्हाळ्यात, हे पुण्याच्या पत्रातून. 'मागे' या शब्दाला तोवर आकार नसतो, म्हणून तो खोलीभर पसरतो. तक्त्यावर तो साडेसतरा क्रेडिट होतो, नाहीतर साडेबारा. सतरा वर्षांच्या मुलाशी भावनांवर बोलण्यापेक्षा असं कागदावर बोललेलं जास्त पोचतं. तरीही महिनाभराने दार तसंच बंद राहिलं, जेवण-झोप बिघडली, तर शाळेतच मानसिक आरोग्याची मदत असते, ती मागा. ते क्रेडिटचं काम नाही, वेगळं काम आहे.

एक लहानसा कागद एच-फोरवाल्यांच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या, हातून हमखास राहतो. २०२५, २०२६ आणि २०२७ मध्ये बाहेर पडणाऱ्या तुकड्यांना न्यू जर्सीत डिप्लोमाआधी सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, म्हणजे फाफ्सा, भरावा लागतो. तुमच्या व्हिसावर ती मदत मिळत नाही, म्हणून लोक 'आपला काय संबंध' म्हणून सोडून देतात. संबंध आहे. भरायचा नसेल तर सूट मागणारा फॉर्म द्यावा लागतो. समुपदेशकांकडे मिळतो, एका सहीचं काम आहे.

आणि कॉलेजला तोंड दाखवण्याबद्दल. सगळं करूनही एखादा विषय राहिलाच तर बहुधा पूर्ण वर्ष लागणार नाही. बारावीनंतरच्या उन्हाळी शाळेत तो होतो आणि डिप्लोमा ऑगस्टमध्ये हातात येतो. समजा लागलंच वर्ष, तरी कॉमन अॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जात, 'अधिक माहिती' असा एक रकाना असतो. दहावीनंतर देश बदलला, पहिल्या दोन वर्षांचे क्रेडिट जुळवण्यात वेळ गेला, असं तीन ओळीत तिथे लिहायचं. समुपदेशकही आपल्या पत्रात ते लिहितात, फक्त त्यांना आठवण करून द्यायची. रोज असले अर्ज वाचणाऱ्यांना यात नवल वाटत नाही. शिवाय थेट मोठ्या विद्यापीठात जाण्याची घाई नसेल तर मिडलसेक्समध्ये दोन वर्षांची असोसिएट पदवी करून रटगर्ससारख्या सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. ते क्रेडिट पूर्ण धरले जावेत असा २००८ पासून राज्यभराचा करारच आहे. खर्चही बराच वाचतो. हा पर्याय तुमच्या मिस्टरांपुढे ठेवून पाहा, 'मोकळा हो' म्हणताना त्यांच्या मनात बहुतेक हेच असावं.

विषयनिवडीची मुदत उलटायच्या आत पुण्याचं पत्र पोचलं पाहिजे. तिथल्या शाळेला एप्रिल-मेमध्ये परीक्षा आणि सुट्ट्या लागतात, मग कारकून भेटत नाहीत. दिरांना आजच फोन करा.

— तुमची ताई